तीन रुपये अकरा आणे

वाटेवरच्या गावाला कागदपत्रांचा सहवास इतर गावांहून अधिक घडतो. पनवेलच्या खाडीत गलबते लागत होती त्या काळी जकातीच्या पावत्या, पुढे मुंबई-पुणे रस्त्यावरची रहदारी वाढली तेव्हा मोटारींचे परवाने, आणि न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून कळंबोलीच्या लोखंड बाजारालगत रात्रंदिवस उभे राहणारे ट्रेलर व त्यांच्या चालकांच्या खिशांतील लायसन्से, अशा क्रमाने ह्या गावाचे दप्तर फुगत गेले. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. ह्या दोन तारखांच्या दरम्यान सरकारी मजकूर मोडीतून बालबोधीत आला, बोरूच्या शाईतून टंकयंत्राच्या फितीवर गेला, आणि अखेरीस कागदावरून उठून प्लास्टिकच्या पत्र्यावरील नखाएवढ्या एका सोनेरी चकतीखाली जाऊन बसला. लायसन्स, बँकेचे डेबिट कार्ड आणि मोबाइलमधील सिम ह्या तीन वस्तू पनवेलच्या कोणत्याही कर्त्या माणसाजवळ सापडावयाच्या, आणि त्या तिन्हींशी ही चकती निगडित आहे. चकतीखाली एक लहानसा, पण पुरता संगणक असतो. त्याला वीज मिळाली आणि जागे होण्याचा इशारा झाला की तो आपण होऊन एक ओळ बोलतो आणि गप्प बसतो. त्यानंतर त्याने जे काही सांगावयाचे ते विचारल्याशिवाय सांगत नाही. ह्या पहिल्या ओळीस इंग्रजी परिभाषेत ‘आन्सर टू रिसेट’ म्हणतात, आणि ह्या धंद्यातील माणसे तिला नुसते ‘एटीआर’ म्हणून मोकळी होतात.

आपल्याकडील दस्तऐवजाची रीत अशी की त्याने प्रथम नावगाव सांगावे. मोडी पत्राचा नुसता मायना वाचला तरी लिहिणारा कोण, ज्याला लिहिले तो कोण, आणि दोघांत अधिकाराने थोर कोण, हे जाणत्या कारकुनास कळत असे. कार्डाची पहिली ओळ ह्याच्या नेमकी उलट आहे. तीत कार्डधारकाचे नाव नाही, खाते क्रमांक नाही, जन्मतारीख नाही. मी कोणत्या रीतीने बोलतो, किती वेगाने बोलतो, दोन अक्षरांच्या मध्ये किती उसंत घेतो आणि किती दाबाची वीज मला मानवते, एवढीच कैफियत ती सादर करते. ओळख पुढे होते, बोलण्याचा करार आधी होतो. हा क्रम ज्यांनी ठरविला त्यांच्या दूरदृष्टीचे मला कौतुक वाटते. मात्र बोलण्याची रीत सांगणाऱ्याने स्वतःची ओळख खरोखरच झाकून ठेवली काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचा विचार यथावकाश करू.

ही ओळ ऐकण्यास फारसे भांडवल लागत नाही. संगणकाला यूएसबीच्या तारेने जोडावयाचा कार्ड-रीडर काही शे रुपयांत मिळतो, आणि तिचा उलगडा करणारी आज्ञावली फुकट मिळते. लुडोविक रूसो नावाच्या एका फ्रेंच आज्ञावलीकाराने जगभरातील कार्डांच्या पहिल्या ओळींची एक प्रचंड यादी वर्षानुवर्षे चिकाटीने सांभाळली आहे. कार्ड घातले की आज्ञावली त्या यादीत धुंडाळून हे अमुक देशाच्या अमुक कंपनीचे असावे असा अदमास सांगते. परंतु यादीवर विसंबण्यापेक्षा अक्षर न् अक्षर स्वतः लावून पाहण्यात जी गंमत आहे तिच्यासाठी थोडी पूर्वतयारी लागते.

सोनेरी चकती निरखून पाहिली तर तिच्यावर बारीक रेघांनी विभागलेले आठ कप्पे दिसतात. पुष्कळ कार्डांवर त्यांतील सहाच असतात. एकातून वीज येते, एक जमिनीला जोडलेला असतो, एकातून घड्याळाचे ठोके येतात, एकातून जागे होण्याचा हुकूम येतो, आणि सगळे बोलणे व ऐकणे एकाच कप्प्यातून चालते. उरलेल्या कप्प्यांपैकी एकाची कथा पुढे येईल. रीडर प्रथम हुकमाची तार खाली दाबून धरतो, वीज देतो, ठोके सुरू करतो आणि मग हुकमाची तार वर उचलतो. तेथून ४०० ठोक्यांच्या आत कार्डाने तोंड उघडावयाचे नाही आणि ४०,००० ठोक्यांच्या पलीकडे मौन राखावयाचे नाही. सेकंदास ३५,७१,२०० ठोके पडत असतील तर ही मुदत साडेअकरा सहस्रांश सेकंदांच्याही आत संपते. ह्या अवधीत उत्तर आले नाही तर रीडर कार्ड मृत समजून वीज काढून घेतो.

३५,७१,२०० हा आकडा मी लहरीने घेतलेला नाही. पहिली ओळ बोलताना प्रत्येक बिट ३७२ ठोके टिकला पाहिजे असा दंडक आहे, आणि ३५,७१,२०० भागिले ३७२ म्हणजे बरोबर ९,६००, हा जुन्या काळच्या संगणकांच्या तारांवरील परिचित वेग. अमेरिकी पद्धतीच्या रंगीत दूरदर्शनसंचांसाठी जवळपास ह्याच वारंवारतेचे स्फटिक घाऊक प्रमाणात आणि स्वस्त मिळत असत, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे ३७२ ह्या विचित्र अंकाचा उगम फार गूढ राहत नाही.

आता लिपी. कार्डाची अक्षरे सोळाच्या पटीत लिहितात: शून्यापासून नवापर्यंत आपले नेहमीचे अंक, आणि दहा ते पंधरा ह्यांसाठी ए, बी, सी, डी, ई, एफ. आजच्या मुलांना हे वर्गात शिकवावे लागते. परंतु १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वी पनवेलच्या बाजारात ज्यांनी मिठाचा वा तांदळाचा हिशेब केला त्यांना सोळाचे गणित रक्तातच होते, कारण रुपयाचे आणे सोळाच. दोन अंकांचे अक्षर आले की पहिला अंक रुपये आणि दुसरा आणे असे समजावे. ‘३बी’ म्हणजे तीन रुपये अकरा आणे, एकूण ५९ आणे. ‘३एफ’ म्हणजे तीन रुपये पंधरा आणे, एकूण ६३. जगातील प्रत्येक संपर्क-कार्डाची पहिली ओळ ह्या दोहोंपैकी एका रकमेने सुरू होते, तिसरी रक्कम चालत नाही. आणि आपल्या पाकिटातील बहुतेक कार्डे तीन रुपये अकरा आणेच बोलतात.

ह्या पहिल्या अक्षराचे काम फार सुंदर आहे. तारेवरील उंच पातळी म्हणजे एक समजावयाचा की शून्य, आणि अक्षरातील लहान किमतीचा बिट आधी पाठवावयाचा की मोठ्या किमतीचा, ह्याविषयी कार्डे बनविणाऱ्यांत दोन पंथ होते. दोन्ही पंथांस मान्यता द्यावी आणि तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून अशी योजना केली की सुलट पंथाचे कार्ड सुलट वाचल्यास ३बी निघावे, उलट पंथाचे कार्ड उलट वाचल्यास ३एफ निघावे. उलट पंथाचे कार्ड चुकून सुलट वाचले तर ०३ हा निरर्थक आकडा हाती येतो, आणि वर समतेचा बिटही चुकतो, म्हणजे वाचणाऱ्यास आपली गफलत जागीच उमगते. शिवाय ह्याच अक्षरातील चढउतारांवरून कार्डाच्या एका बिटाचा अवधी प्रत्यक्ष मोजून घेता येतो. आपण ऐकणाऱ्याने कोणत्या कानाने ऐकावे हे सांगणारे पहिले अक्षर, स्वतः कोणत्याही कानाने ऐकले तरी ओळखू यावे, ही युक्ती ज्याला सुचली त्याचे नाव दप्तरात नोंदलेले मला कोठे आढळले नाही.

दुसऱ्या अक्षरात दोन मजकूर एकत्र असतात. आण्यांच्या जागी असलेला अंक सांगतो की ओळीच्या शेवटी किती अक्षरे कार्ड बनविणाऱ्याच्या मर्जीची आहेत; ती पंधरापर्यंत असू शकतात. रुपयांच्या जागचा अंक चार बिटांत फोडला की पुढील चार रकान्यांपैकी कोणकोणते भरलेले आहेत ते समजते. बँकेच्या एका जुन्या, मुदत संपलेल्या डेबिट कार्डाची ओळ ‘३बी ६५ ०० ००’ अशी सुरू होते. सहा म्हणजे चार अधिक दोन. अर्थात मधले दोन रकाने भरलेले, पहिला आणि चौथा रिकामा. पाच म्हणजे अखेरीस पाच अक्षरे निर्मात्याची. पहिला रकाना वेगाचा. तो रिकामा, म्हणून मूळचा ३७२ ठोक्यांचा वेग कायम. चौथा रकाना संभाषणाच्या पद्धतीचा. तोही रिकामा, म्हणून ‘टी शून्य’ नावाची सर्वांत जुनी पद्धत, जिच्यात एक एक अक्षर सुटे जाते आणि ऐकणाऱ्यास एखादे नीट ऐकू आले नाही तर तो तार क्षणभर खाली ओढून ‘पुन्हा म्हण’ असे सुचवितो. तिसऱ्या रकान्यातील शून्य म्हणजे दोन अक्षरांमध्ये जादा उसंत नको.

दुसऱ्या रकान्यातील शून्याची हकीकत मात्र थांबून ऐकण्यासारखी आहे. चिपकार्डाची कल्पना १९६८ च्या सुमारास जर्मनीत युर्गेन देथलोफ आणि हेल्मुट ग्रोट्रुप ह्यांनी मांडली. त्यांतील ग्रोट्रुप हे पूर्वी व्ही-२ अग्निबाणाच्या कामावर होते. १९७० मध्ये जपानात कुनिताका अरिमुरा ह्यांनी, आणि १९७४ मध्ये फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो ह्यांनी आपापली एकस्वे मिळविण्याच्या खटपटी केल्या. त्या कार्डात प्रत्यक्ष संगणक घालण्याचे काम १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात बुल कंपनीच्या मिशेल यूगों ह्यांच्याकडून घडले. त्या काळच्या स्मृतिचिपांवर काही लिहावयाचे म्हटले की नेहमीची पाच व्होल्टची वीज पुरत नसे. एकवीस किंवा पंचवीस व्होल्टचा जोरकस दाब वेगळ्या कप्प्यातून पुरवावा लागे. आठ कप्प्यांपैकी एक त्यासाठी राखला गेला, आणि मला लिहिण्यासाठी किती दाब हवा हे सांगण्यासाठी पहिल्या ओळीत एक रकाना ठेवला गेला. १९८९ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ७८१६ क्रमांकाच्या मानकाचा तिसरा भाग प्रसिद्ध केला तेव्हा हा रकाना त्यात रीतसर दाखल झाला. पुढे चिपा स्वतःच आतल्या आत दाब वाढवू लागल्या, जोरकस विजेची गरज संपली, आणि २००६ च्या आवृत्तीने ह्या रकान्याकडे ऐकणाऱ्याने दुर्लक्ष करावे असे सांगितले. तथापि बँकांच्या ‘ईएमव्ही’ ह्या कराराने त्या रकान्यात शून्य लिहिण्याची सक्ती कायम ठेवली. परिणामी पनवेलच्या भाजी बाजारात आज कोणी दोनशे रुपयांच्या खरेदीसाठी कार्ड यंत्रात घातले की ते कार्ड प्रथम नम्रपणे असे जाहीर करते की मला पंचवीस व्होल्टची गरज नाही. ती गरज कोणाला होती हे यंत्रालाही ठाऊक नाही आणि दुकानदारालाही. सरकारी नमुन्यांत असे रकाने आपण पुष्कळ पाहिले आहेत. यंत्रांच्या जगातही तोच प्रकार आहे हे पाहून बरे वाटावे की वाईट, ते ज्याचे त्याने ठरवावे.

बँकांची गोष्ट निघालीच आहे तर एवढे सांगितले पाहिजे की फ्रान्समधील सर्व बँक-कार्डे १९९२ पर्यंत चिपयुक्त झाली होती, आणि आपल्याकडे केवळ चुंबकीय पट्टीवर चालणारी कार्डे बदलून चिपची द्यावीत ह्यासाठी रिझर्व्ह बँकेने घातलेली मुदत ३१ डिसेंबर २०१८ रोजी संपली. चुंबकीय पट्टी ही मुकी असते, जे लिहिले ते कोणालाही वाचू देते. चिप बोलते, म्हणून तिच्याशी बोलण्याची रीत आधी ठरवावी लागते, आणि रीत पटली नाही तर बँकेचे यंत्र वीज न काढता एकदा पुन्हा जागे होण्याचा हुकूम देऊन दुसरे उत्तर मागते. तेही पसंत पडले नाही तर व्यवहार तेथेच संपतो, आणि गिऱ्हाईक म्हणते, “कार्ड चालत नाही.”

सिमचे उत्तर ह्याहून वाचाळ असते. उरण नाक्याजवळील एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात अर्धा तास बसले तर ह्या पहिल्या ओळीचा महिमा, तिचे नाव कोणी न उच्चारता, डोळ्यांसमोर दिसतो. एक बाई फोन काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, “अरे, सकाळपासून नुसतं ‘सिम नाही’ दाखवतंय.” मुलगा टाचणीने खाच उघडतो, सिम काढतो, खिशातल्या खोडरबराने सोनेरी बाजू तीन-चार वेळा घासतो, फुंकर मारतो, परत घालतो. “मावशी, सिम मेलेलं नाही, नुसतं कळकट झालंय.” घामाचा आणि धुळीचा थर बोलण्याच्या कप्प्यावर चढला की फोनने दिलेली वीज पोहोचते, ठोकेही पोहोचतात, पण उत्तर परत येत नाही. फोन बिचारा १.८ व्होल्टपासून सुरुवात करतो. उत्तर नाही म्हणून वीज काढून ३ व्होल्ट देऊन पाहतो. तरीही नाही म्हटल्यावर पडद्यावर नकार लिहितो. मोठ्या सिमचे लहान सिम करण्यासाठी पूर्वी ह्याच दुकानात कटर असे, आणि तो एखाद्या मिलिमीटराने सरकला की कप्पा कापला जाऊन सिम कायमचे मुके होई. मुलाच्या मते असे प्रसंग रविवारी अधिक घडत, कारण त्या दिवशी लोक घरीच कात्रीने कापून आणीत.

ह्या सिमांची ओळ पुष्कळदा ‘३बी ९एफ ९६ ८० १एफ सी७’ अशी उघडते. नऊ रुपये पंधरा आणे ह्यातील नऊ म्हणजे आठ अधिक एक: चौथा आणि पहिला रकाना भरलेला, आणि पंधरा आणे म्हणजे मर्जीची अक्षरे पुरी पंधरा. पहिल्या रकान्यातील ९६ हा वेगाचा प्रस्ताव आहे. नऊ ह्या संकेताचा अर्थ ५१२, सहा ह्याचा अर्थ ३२, भागाकार १६. म्हणजे एका बिटास ३७२ ठोक्यांऐवजी १६ ठोके पुरतील, सव्वातेवीस पट जलद बोलता येईल, असे सिम सुचविते. पण सुचविते एवढेच. हे वाक्य ते जुन्याच संथ वेगाने बोलते, आणि फोनने रीतसर मान्यता दिल्यावाचून वेग बदलत नाही. नंतरचे ८० म्हणजे पद्धत टी शून्य, आणखी एक रकाना पुढे आहे; १एफ ह्याने त्याच्याही पुढच्या रकान्यात सर्वसाधारण माहिती येत असल्याची सूचना दिली; आणि सी७ म्हणजे पाच, तीन व १.८ व्होल्ट असे तिन्ही दाब मला चालतात. भारतातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू ह्यांनी दिल्लीत सुखराम ह्यांच्याशी केला, त्या दिवसापासून आजपर्यंत सिमचा आकार तीनदा घटला, पण ओळीचे व्याकरण तसेच आहे. फोनमध्येच जोडून येणाऱ्या ई-सिमच्या चिपलाही जागे केले की ती ह्याच व्याकरणात उत्तर देते. तिला खोडरबराने घासण्याची सोय मात्र नाही.

आता लायसन्सकडे वळू, कारण पनवेलच्या माणसाला ह्या साऱ्या प्रकरणातला तोच भाग जिव्हाळ्याचा. पूर्वी येथील गाडीवर पेणच्या कार्यालयाचा एमएच-०६ हा संकेत असे. पनवेलला स्वतंत्र परिवहन कार्यालय आणि एमएच-४६ हा संकेत मिळाल्यावर शिकाऊ लायसन्सपासून ट्रेलरच्या पासिंगपर्यंतची कामे येथेच होऊ लागली. चिपयुक्त लायसन्सामागे केंद्र सरकारचा हेतू स्तुत्य होता. वेगवेगळ्या राज्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे घेतली आणि प्रत्येकाची आतली भाषा निराळी निघाली, तर रायगडातील चालकाचे कार्ड राजस्थानातील अधिकाऱ्यास वाचता येणार नाही, आणि राज्य एका ठेकेदाराच्या दावणीला कायमचे बांधले जाईल, हा धोका वेळीच ओळखला गेला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि कानपूरची आयआयटी ह्यांनी मिळून ‘स्कोस्टा’ ह्या नावाने परिवहन खात्यासाठी कार्डाच्या कार्यप्रणालीचे खुले प्रमाण तयार केले. त्या कामात प्राध्यापक रजत मूना ह्यांचा मोठा वाटा होता. मोटार वाहन नियमांत स्मार्ट कार्डाची व्याख्या करताना त्याच ७८१६ क्रमांकाच्या मानकाचा उल्लेख आला. अशा रीतीने फ्रेंच बँकांनी आणि जर्मन अभियंत्यांनी घडविलेले व्याकरण कळंबोलीच्या ट्रकचालकाच्या खिशात कायद्याने येऊन दाखल झाले.

बोलणारे कार्ड दिले, पण विचारणारा कोठे नेमला? रस्त्यावरील तपासणीत अंमलदार लायसन्स हाती घेतो, उजेडात धरतो, छायाचित्र आणि चेहरा ताडून पाहतो, मुदत वाचतो, आणि हल्ली चलनाच्या यंत्रात गाडीचा क्रमांक दाबतो. सोनेरी चकती कोणी यंत्रात सरकविली असे पाहिल्याचे मला आठवत नाही. २०१८ साली डिजिलॉकर आणि एमपरिवहन ह्यांवरील परवाने ग्राह्य धरावेत असे ठरले. १ ऑक्टोबर २०१९ पासून देशभर एकच नमुना लागू झाला, त्यात क्यूआर चौकट आली, आणि चिपविना कार्डालाही वाव राहिला. ह्यात खुल्या प्रमाणाचा दोष यत्किंचितही नाही. ते प्रमाण आजही अभ्यासण्यासारखे आहे. दोष असा की खर्चाचा विचार कार्डापाशी थांबला. रीडर, त्याची देखभाल, तो वापरण्याचे शिक्षण आणि वाचलेला मजकूर अस्सल आहे हे पडताळणाऱ्या किल्ल्यांची व्यवस्था, ह्या गोष्टी निविदेत चकाकत नाहीत.

ज्या कार्डास स्पर्श न करता नुसते जवळ धरावयाचे त्याची तऱ्हा आणखी वेगळी. तळोजा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे जुने हजेरीकार्ड रीडरवर ठेवले असता पडद्यावर वीस अक्षरे उमटली: ३बी ८एफ ८० ०१ ८० ४एफ ०सी ए० ०० ०० ०३ ०६ ०३ ०० ०१ ०० ०० ०० ०० ६ए. गंमत अशी की ह्यातील एकही अक्षर कार्डाने उच्चारलेले नाही. ह्या जातीच्या कार्डाला पहिली ओळ बोलताच येत नाही. परंतु संगणकावरील आज्ञावलींना ती हवी असते, म्हणून रीडरच मुक्या साक्षीदाराची जबानी स्वतःच्या हाताने लिहून रुजू करतो, आणि तीत ‘०० ०१’ ह्या दोन अक्षरांनी हे मायफेअर क्लासिक जातीचे, एक किलोबाइटचे कार्ड आहे एवढे नमूद करतो. अखेरचे ६ए म्हणजे ताळा. सुरुवातीचे ३बी वगळून बाकीची अक्षरे बिटाखाली बिट मांडावीत. दोन सारखे आले तर शून्य, भिन्न आले तर एक. ८एफ आणि ८० ह्यांचे ०एफ, त्यात ०१ मिळविता ०ई, त्यात ८० मिळविता ८ई, असे करीत गेले की एकोणिसाव्या अक्षरापाशी ६ए हाती येते. ते शेवटच्या अक्षराशी जुळले की ताळा बसला. कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा करून पाहावे. जबानी बनावट असली तरी तिचा ताळा चोख आहे.

ह्याच मायफेअर क्लासिकचे गुप्त कुलूप नेदरलंडमधील नायमेखेन येथील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली उघडून दाखविले. निर्मात्या कंपनीने तो निबंध रोखण्यासाठी न्यायालयाकडे धाव घेतली, आणि न्यायालयाने प्रकाशनाचा हक्क मान्य केला. तेव्हापासून ‘०० ०१’ ही दोन अक्षरे जाणत्यास असे सांगतात की ह्या दाराची किल्ली बाहेर मिळते.

येथे सुरुवातीस बाजूला ठेवलेला प्रश्न पुन्हा समोर येतो. पहिली ओळ नावगाव सांगत नाही हे खरे. पण वेगाचा प्रस्ताव, रकान्यांची निवड आणि मर्जीची पंधरा अक्षरे ह्यांची सांगड घातली की कार्ड कोणत्या कारखान्यातले, कोणत्या पिढीचे, कोणत्या कार्यप्रणालीचे हे कळून येते. विंडोज संगणकही ह्याच ओळीवरून कोणती आज्ञावली जोडावयाची ते ठरवितो. बोलण्याच्या ढबीवरून माणसाचे गाव ओळखावे, तसेच हे. रिश्टर आणि त्याच रॅडबाउड विद्यापीठातील मोस्तोव्स्की व पोल ह्यांनी २००८ सालीच असे दाखविले की निरनिराळ्या देशांच्या ई-पासपोर्टांना मुद्दाम चुकीच्या आज्ञा दिल्या तर नकार देण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते, आणि त्यावरून, आतील एकही गुप्त अक्षर न वाचता, पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे हे सांगता येते.

भारताचा पहिला ई-पासपोर्ट २००८ साली तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील ह्यांना देण्यात आला. आपले पासपोर्ट नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. सर्वसामान्य नागरिकांसाठी चिपयुक्त पासपोर्टाचा प्रायोगिक आरंभ २०२४ मध्ये झाला, आणि सुरुवातीच्या कार्यालयांत नागपूर व भुवनेश्वर होती. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्याचे उद्घाटन झाले तो नवी मुंबईचा विमानतळ पनवेल तालुक्यातच आहे, तेव्हा ह्या पुस्तिका येथील घराघरांत दिसू लागण्यास फार काळ लागावयाचा नाही. त्यांच्यातील चिप लायसन्सातील चिपेहून सावध असते. खिडकीवरील अधिकारी पुस्तिका उघडून छायाचित्राच्या पानावरील खालच्या दोन ओळी यंत्राला दाखवितो, त्या ओळींतील पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत ह्यांपासून एक किल्ली तयार होते, आणि ती किल्ली मिळाल्याखेरीज चिप धारकाचे नाव वा छायाचित्र बाहेर काढीत नाही. दर वेळी जागे झाल्यावर ती आपला क्रमांकही नवा, मनाने बनविलेला सांगू शकते, म्हणजे कोणी तिचा माग काढू नये. मात्र बोलण्याची रीत ती किल्लीवाचून सांगते, कारण रीत ठरल्याशिवाय किल्ली तरी मागावयाची कशी?